बारा देशांची वर्गणी

२८ जून १९५३, रविवार. तुम्ही जिनिव्हात मतदानाच्या रांगेत उभे आहात. हिरोशिमाला अजून आठ वर्षंही पूर्ण झालेली नाहीत. आज तुम्हाला ठरवायचंय की शहराबाहेर, मेरँ गावाच्या शेतजमिनीवर, अणुकेंद्राचा अभ्यास करणारी परदेशी शास्त्रज्ञांची संस्था उभी राहू द्यायची की नाही. विरोधकांनी सह्या गोळा करून विषय थेट जनमतापर्यंत आणलाय, आणि त्यात इथले कम्युनिस्ट आघाडीवर आहेत. रांगेतला एकजण म्हणतो, आपला देश तटस्थ. इतक्या देशांची यंत्रं इथे आली तर उद्याच्या युद्धात पहिला बॉम्ब आपल्याच डोक्यावर पडायचा. त्याच्या मागचा म्हणतो, अहो, ही माणसं बॉम्ब करायला येत नाहीत, बांधकामं निघतील, चार लोकांना काम मिळेल. तुम्ही स्त्री असाल तर रांगेत तुम्हाला जागाच नाही. जिनिव्हाच्या बायकांना कँटनमधल्या मतदानाचा हक्क मिळायला १९६० साल उजाडावं लागेल.

मोजणी होते. संस्थेच्या बाजूने १६,५३९ मतं, विरोधात ७,३३२. ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांची भीती खोटी नव्हती, ती त्या काळाने त्यांच्या मनात घातलेली होती. तरी दोन तृतीयांशांहून जास्त मतदारांनी होकार दिला, आणि तोही अशा यंत्रासाठी, ज्यातून काय निघेल हे खुद्द मागणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. या संस्थेचा, म्हणजे सर्नचा, इतिहास सांगताना लोक बहुधा हिग्ज बोसॉन या कणापासून सुरुवात करतात. माझ्या मते तो इथून, या रांगेतून सांगायला हवा.

आता तीन वर्षं मागे चला. जून १९५०, फ्लॉरेन्स. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेत तुम्ही मागच्या बाजूला बसला आहात. अमेरिकेचे प्रतिनिधी इझिडोर राबी बोलायला उठतात. १९४४ सालचे नोबेलविजेते, ब्रुकहेवनची प्रयोगशाळा उभी करणाऱ्यांपैकी एक, आणि तरुणपणी हॅम्बुर्गला येऊन भौतिकशास्त्राचे धडे गिरवलेले. आदल्या डिसेंबरात लोझानच्या परिषदेत लुई द ब्रॉय यांचा संदेश वाचला गेला होता, की युरोपातल्या देशांनी एकत्र येऊन एक प्रयोगशाळा काढावी. कल्पना सगळ्यांना आवडली होती, पुढे मात्र हललं काही नव्हतं. राबी ठराव मांडतात: युनेस्कोने प्रादेशिक संशोधन केंद्रं उभारायला मदत करावी. ठरावात देशांची नावं नाहीत. जर्मनी अजून युनेस्कोचा सदस्यही नाही, आणि युद्धाच्या जखमा ओल्या असताना ते नाव घेणं सोपं नाही. शब्द मुद्दाम सैल ठेवलेत, म्हणजे उद्या त्यात सगळे मावतील.

तुमच्या शेजारच्या माणसाला विचारा, एवढी निकड कशाची? तो सांगेल की आमची चांगली पोरं बोटीत बसून अमेरिकेला चाललीत. तिथे कणांना वेग देणारी यंत्रं आहेत, प्रत्येकाची किंमत एखाद्या देशाच्या संशोधनाच्या अख्ख्या तरतुदीला पुरून उरेल अशी. इटलीला एकट्याने ते परवडत नाही, बेल्जियमला नाही, फ्रान्सलाही नाही. रोमचे एदोआर्दो आमाल्दी आणि युनेस्कोचा विज्ञान विभाग सांभाळणारे पिएर ओझे, हे दोघे पुढची दोन वर्षं देशोदेशीच्या मंत्रालयांचे उंबरे झिजवतात. फेब्रुवारी १९५२ मध्ये अकरा देश एका हंगामी परिषदेच्या करारावर सह्या करतात. ब्रिटन त्यात नाही. ब्रिटनकडे स्वतःची यंत्रं आहेत, आणि असल्या सामाईक संसारात पडावं की नाही याबद्दल लंडनमध्ये मतभेद आहेत. पैसे मात्र ब्रिटन देतं, देणगी म्हणून, आणि आपले काही हुशार अभियंतेही देतं.

यापुढच्या बैठकीपाशी जरा जास्त वेळ थांबा. ऑक्टोबर १९५२, अ‍ॅमस्टरडॅम. कार्यक्रमपत्रिकेवरचा एक विषय जागेचा. कोपनहेगन, पॅरिसजवळची एक जागा, नेदरलँड्समधलं आर्नहेम आणि जिनिव्हा असे चार उमेदवार आहेत, आणि कौल जिनिव्हाला जातो. दुसरा विषय अवघड. ऑगस्टमध्ये नॉर्वेचे ऑड डाल, त्यांच्याबरोबर रॉल्फ विडेरो आणि ब्रिटिश फ्रँक गोवर्ड, हे तिघे ब्रुकहेवनला जाऊन आलेत. गेले होते तिथलं कॉस्मोट्रॉन हे यंत्र बघायला, कारण तसंच, थोडं मोठं, दहा अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचं यंत्र युरोपात बांधायचं ठरलं होतं. ते पोचायच्या सुमारासच तिथल्या शास्त्रज्ञांना एक नवी युक्ती सुचली होती. चुंबकांची तोंडं आलटूनपालटून आत-बाहेर ठेवली तर कणांचा झोत फार बारीक राहतो, चुंबक लहान चालतात आणि तेवढ्याच पैशांत कितीतरी जास्त ऊर्जा गाठता येते. अमेरिकनांनी ही युक्ती पाहुण्यांना खुल्या मनाने समजावून सांगितली.

आता डाल परिषदेला सांगतायत की जुना आराखडा बाजूला ठेवूया. नव्या पद्धतीचं यंत्र जगात कुणीही बांधलेलं नाही, चुंबकांच्या जागेत किंचित फरक पडला तरी झोत भरकटू शकतो, ते चालेलच याची हमी नाही. तुम्ही सरकारी प्रतिनिधींचे चेहरे पाहा. त्यांना घरी जाऊन आपापल्या अर्थमंत्र्यांना उत्तर द्यायचंय. खात्रीचं यंत्र हाताशी असताना बेभरवशाच्या यंत्राला पैसे का दिले, हा प्रश्न त्यांना नक्की विचारला जाणार आहे. तरीही ते मान्यता देतात. सार्वजनिक पैसा जपून वापरायचा म्हणजे नेहमी खात्रीचीच वाट धरायची, असं आपल्याकडे अनुदान समित्यांवर बसणाऱ्या अनेकांना मनापासून वाटतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या बैठकीने खात्रीची वाट धरली असती, तर युरोपच्या हाती बांधून होईपर्यंत जुनं झालेलं यंत्र आलं असतं.

आता परत १९५३. जिनिव्हाच्या मतदानाला तीनच दिवस झालेत, तारीख १ जुलै, ठिकाण पॅरिस. करारनाम्यावर सह्या सुरू होतायत, आणि या वेळी ब्रिटनही आत आहे. शेवटची पानं उघडा. आकड्यांचा रकाना दिसतो. ब्रिटन २३.८४ टक्के. फ्रान्स तेवढेच. पश्चिम जर्मनी १७.७०, इटली १०.२०, स्वीडन ४.९८, बेल्जियम ४.८८, स्वित्झर्लंड ३.७१, नेदरलँड्स ३.६८, डेन्मार्क २.४८, युगोस्लाव्हिया १.९३, नॉर्वे १.७९, ग्रीस ०.९७. बेरीज बरोबर शंभर. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात हिस्सा, दर तीन वर्षांनी नव्याने हिशेब, आणि कुठल्याही एका देशाकडून पंचवीस टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत.

हा रकाना मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी तो मला यंत्राच्या आराखड्याइतकाच कौशल्याचा वाटतो. गावच्या जत्रेची वर्गणी जशी ऐपतीप्रमाणे असते, पण सभेत प्रत्येक घराला एकच हात वर करता येतो, तसं इथे आहे: हिस्सा कितीही असो, परिषदेत प्रत्येक देशाला एक मत. ग्रीसचं मत फ्रान्सच्या मताइतकंच. आणि पंचवीस टक्क्यांच्या मर्यादेमुळे एकाच श्रीमंत सदस्याच्या लहरीवर संस्था टांगलेली राहत नाही. त्याच कागदात आणखी दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्यात. लष्करी गरजांसाठीच्या कामाशी संस्थेचा संबंध असणार नाही, आणि जे सापडेल ते प्रसिद्ध केलं जाईल, सगळ्यांना उपलब्ध होईल. आठ वर्षांपूर्वी एकमेकांची शहरं बेचिराख करणारे देश हे मान्य करतायत. जर्मनीचं नाव आता उघडपणे रकान्यात आहे.

२९ सप्टेंबर १९५४ ला पुरेशा देशांची मंजुरी पोचते आणि संस्था कायद्याने अस्तित्वात येते. मेरँमध्ये खोदकाम मे महिन्यातच सुरू झालंय. मंजुरीची वाट बघत बसली नाहीत ही माणसं.

ऑगस्ट १९५५. तुम्ही पुन्हा जिनिव्हात, पण या वेळी पाले दे नास्यों या भव्य वास्तूत. अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली आहे आणि अध्यक्षांच्या आसनावर मुंबईचे होमी भाभा आहेत. वय पंचेचाळीस. त्यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था अजून कुलाब्याच्या समुद्रकाठच्या इमारतीत गेलेली नाही, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबातच तिचं काम चाललंय. परिषदेच्या आवारात अमेरिकेने पाण्याच्या हौदातली एक छोटी अणुभट्टी आणून ठेवलीय. पाण्यातली निळी आभा पाहायला सामान्य माणसंही रांगा लावतायत. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५६ मध्ये, तुर्भ्याला हौदातलीच ‘अप्सरा’ सुरू होईल, तिचं इंधन ब्रिटनमधून येईल. इथून काही मैलांवर मेरँमध्ये दोन महिन्यांपूर्वीच कोनशिला बसली आहे. भारत त्या बारा देशांत नाही. पण ज्या वर्षी दारं उघडत होती त्या वर्षी आपला माणूस त्या शहरात व्यासपीठावर होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे अनेक दशकांनी मुंबई आणि मेरँ यांच्यात कामाची ये-जा सुरू झाली, तेव्हा मुंबईकडची तयारी भाभांच्याच संस्थेत झालेली होती.

२४ नोव्हेंबर १९५९ ची संध्याकाळ. तुम्ही नव्या प्रोटॉन सिंक्रोट्रॉनच्या नियंत्रण कक्षात दाटीवाटीने उभे आहात. सहाशे अठ्ठावीस मीटर घेराचं वर्तुळ, शंभर चुंबक, सात वर्षांपूर्वीची ती बेभरवशाची पद्धत. कित्येक दिवस झोत एका ठराविक ऊर्जेपर्यंत जातो आणि नाहीसा होतो. जॉन अ‍ॅडम्स, म्हणजे ब्रिटनने दिलेल्या त्या अभियंत्यांपैकी एक, आता या यंत्राचे प्रमुख आहेत. ब्रुकहेवनहून आलेल्या हिल्ड्रेड ब्लूएट शेजारी आहेत. आज काही होईल असं कुणाला फारसं वाटत नाही. वोल्फगांग श्नेल नावाचा तरुण अभियंता एक जोडणी घेऊन येतो. त्याने ती नेसकॅफेच्या रिकाम्या डब्यात बसवली आहे. डबा जोडला जातो. पडद्यावरची रेघ नेहमी जिथे कोसळते ती जागा ओलांडते आणि तशीच पुढे जात राहते. दहा अब्ज, पंधरा, वीस, चोवीस. कुणीतरी ओरडतं. अ‍ॅडम्स स्वतः पडद्याजवळ जाऊन खात्री करून घेतात. जगातलं सर्वांत शक्तिशाली त्वरक या क्षणी या खोलीपलीकडे फिरतंय.

दुसऱ्या दिवशी सभागृहात अ‍ॅडम्स व्होडकाची बाटली वर धरतात. ती सोव्हिएत संघातल्या दुबना इथल्या शास्त्रज्ञांनी दिली होती. त्यांच्या यंत्राचा दहा अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा विक्रम मोडला की प्यायची, या बोलीवर. बाटली आता रिकामी आहे. तिच्यात चोवीस अब्जांच्या नोंदीचं छायाचित्र घालून ती दुबनाला परत पाठवायचीय. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन बाजूंचे शास्त्रज्ञ एकमेकांशी असे वागत होते. हे वर्तुळ आजही चालू आहे, आणि सर्नच्या सगळ्यांत मोठ्या यंत्रात जाणारे प्रोटॉन आधी यातूनच जातात.

साठची-सत्तरची दशकं भरभर ओलांडा. युगोस्लाव्हिया १९६१ मध्ये पैशांअभावी बाहेर पडतो. स्पेन त्याच वर्षी येतो, १९६९ मध्ये जातो, १९८३ मध्ये परत येतो. वर्गणी दरवर्षी भरायची असते, आणि प्रत्येक देशात दरवर्षी कुणीतरी ती थांबवायला निघालेलं असतं.

१९९३ च्या ऑक्टोबरात उतरा, पण टेक्सासमध्ये. वॉक्सहॅची या गावाजवळ जमिनीखाली साडेबावीस किलोमीटर बोगदा खणून तयार आहे. सत्त्याऐंशी किलोमीटर घेराचं यंत्र होणार होतं, सर्नच्या कुठल्याही यंत्राहून कितीतरी मोठं. सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झालेत. अमेरिकी काँग्रेस मतदान करून प्रकल्प बंद करते. खर्चाचा अंदाज वाढत गेला होता, परदेशांनी म्हणावा तसा हातभार लावला नव्हता, आणि दरवर्षी नव्याने मंजुरी मागणारा हा प्रकल्प एकाच देशाच्या राजकारणावर विसंबून होता. बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या तरुण शास्त्रज्ञांकडे पाहा. अनेकांनी घरं हलवून इथे बिऱ्हाड थाटलं होतं.

याच वर्षी एप्रिलच्या ३० तारखेला जिनिव्हात दोन पानांच्या एका कागदावर सह्या झाल्या होत्या. टिम बर्नर्स-ली यांनी तिथे नोकरीत असताना तयार केलेलं वर्ल्ड वाइड वेब सर्नने सगळ्या जगाला विनामूल्य खुलं करून दिलं. वेब ही कुणी मागितलेली वस्तू नव्हती. वर्गणी भरली होती कणांसाठी. पण १९५३ च्या करारनाम्यातल्या ‘सगळ्यांना उपलब्ध’ या वचनाच्या वळणावर वाढलेल्या संस्थेला हा निर्णय जड गेला नाही.

डिसेंबर १९९४. सर्नची परिषद नव्या यंत्रावर, म्हणजे लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर बसली आहे. सत्तावीस किलोमीटरचा बोगदा आधीच्या यंत्राचा, तयार आहे. जूनमध्ये जर्मनी आणि ब्रिटन अडून बसले होते. यंत्र ज्यांच्या जमिनीत आहे त्या फ्रान्स आणि स्वित्झर्लंडने जास्त द्यावं, असं त्यांचं म्हणणं. घासाघीस होऊन तोड निघाली. तरी पैसे अपुरेच आहेत. म्हणून विचित्र तडजोड होते: आधी एक तृतीयांश चुंबक न बसवता यंत्र सुरू करायचं, उरलेले मागाहून. सदस्य नसलेल्या देशांनी मदत केली तरच सगळं एका टप्प्यात.

इथे तुम्हाला ओळखीचे चेहरे दिसू लागतात. जपान, रशिया, कॅनडा, अमेरिका आणि भारत. १९९६ मध्ये आपण करारावर सही करतो, आणि आपला वाटा मुख्यतः वस्तूंच्या आणि माणसांच्या कामाच्या रूपात देतो. त्याच वर्षी परिषद सगळं यंत्र एकाच टप्प्यात बांधायचं ठरवते.

आता जमिनीखाली शंभर मीटर उतरा. साल २००७. बोगद्यात पंधरा मीटर लांबीचे निळे चुंबक ओळीने ठेवलेत, असे १,२३२, प्रत्येकाचं वजन तीस टनांहून जास्त. वाकून खाली पाहा. प्रत्येक चुंबक तीन जॅकवर तोललेला आहे. केसाच्या जाडीहूनही कमी अंतराने तो वर-खाली, इकडे-तिकडे सरकवता यावा, यासाठी केलेले हे जॅक. सुमारे सात हजार आहेत आणि ते भारतातून, इंदूर आणि बंगळूरच्या कारखान्यांतून आलेत. शेकडो दुरुस्ती-चुंबकही आपल्याकडचे. पलीकडे सीएमएस नावाच्या प्रचंड शोधयंत्रात टाटा संस्थेच्या लोकांनी बनवलेले थर बसवले जातायत. हात लावून पाहा, थंडगार लोखंड आहे. इंदूरला त्या जॅकवर काम केलेल्या कारागिरांपैकी कित्येकजण हा बोगदा कधीच पाहणार नाहीत. ४ जुलै २०१२ ला सर्नच्या सभागृहात, जिथे पोरं जागा धरायला रात्रभर बाहेर थांबली होती, हिग्जसदृश कणाची घोषणा झाली आणि वृद्ध पीटर हिग्ज यांनी डोळे पुसले. त्या घोषणेत या कारागिरांचाही वाटा आहे.

१६ जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. आपण दरवर्षी वर्गणी देतो, आपल्या कंपन्या तिथल्या कामांच्या निविदा भरू शकतात, आपली मुलं तिथे नोकरीसाठी अर्ज करू शकतात. परिषदेत मत मात्र आपल्याला नाही.

आणि मताला आत्ता किंमत आहे. ३० नोव्हेंबर २०२४ ला सर्नने रशियाशी सहकार्याचा करार संपवला. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर परिषदेला तो निर्णय घ्यावासा वाटला, आणि मला तो समजतो. तरी १९५९ ची ती बाटली पाहून इथवर आल्यावर त्याची सल लागतेच. मार्च २०२५ मध्ये पुढच्या यंत्राचा व्यवहार्यता अहवाल आला: जवळपास एक्क्याण्णव किलोमीटरचं वर्तुळ, पहिल्या टप्प्याचा अंदाजे खर्च पंधरा अब्ज स्विस फ्रँक. २०२८ च्या सुमारास निर्णय अपेक्षित आहे. हे पैसे कोण देणार, कुठल्या प्रमाणात, आणि सदस्य नसलेल्यांचा हिस्सा किती, यावर घासाघीस सुरू झाली आहे.

दरम्यान हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, तुम्ही आजच जाऊन उभे राहू शकता. तिथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केलेत. वेधयंत्राचे मुख्य भाग अमेरिकेच्या करदात्यांच्या पैशांतून झालेले, जमीन, इमारती आणि निर्वात नळ्या आपल्या. पुण्याची आयुका, इंदूर आणि गांधीनगरच्या संस्था कामाला लागलेल्या. या वेळी यंत्र ठेवायला जागा देणारे आपण आहोत, आणि जिनिव्हाने जे केलं ते आपणही करावं असं मला मनापासून वाटतं. खणायच्या आधी आसपासच्या गावांत जाऊन, चार किलोमीटरच्या नळीतून नेमकं काय ऐकायचंय आणि त्याचा खर्च कोण कसा करतंय, हे शेतकऱ्यांना मराठीत, सवडीने, त्यांच्या सगळ्या शंका संपेपर्यंत सांगावं.